‘टेम्पररी’चा रकाना

मेनफ्रेमवर चालणाऱ्या लिनक्सच्या डिस्क सांभाळण्यात ज्यांच्या नोकरीची पंधरा-वीस वर्षं गेली, त्यांना एक अहवाल तोंडपाठ झालेला असतो. त्याला ईरेप म्हणतात. यंत्राने आपल्या दुखण्यांची जी नोंद ठेवलेली असते, ती त्यातून छापून निघते. डिस्कच्या चुकांचे त्यात दोन प्रकार येतात, पर्मनंट आणि टेम्पररी. पुन्हा पुन्हा प्रयत्न करूनही जमलं नाही ती चूक पर्मनंट. चूक झाली, पण परत प्रयत्न केल्यावर काम निभावलं, ती टेम्पररी. पर्मनंटखाली एक आकडा दिसला की फोन खणाणू लागतात, बैठका बसतात, व्हेंडरचा माणूस धावत येतो. टेम्पररीखाली चाळीस असले तरी कोणी मान वर करून बघत नाही. इतक्या वर्षांनंतर माझं मत याच्या उलट झालं आहे. पर्मनंटचा आकडा हा झालेल्या नुकसानाचा पंचनामा असतो. तोवर हातात करण्यासारखं थोडंच उरतं. टेम्पररीचा आकडा येतो तेव्हा डेटा शाबूत असतो, ग्राहकाला काही कळलेलं नसतं आणि शांतपणे विचार करायला वेळ असतो. म्हणून जी चूक यंत्राने निस्तरली, तीच माणसाने सगळ्यात काळजीपूर्वक वाचावी, असं माझं ठाम म्हणणं आहे.

हे पटायला यंत्राची बांधणी ध्यानात घ्यावी लागते. आयबीएमने व्हीएम/३७० ही प्रणाली १९७२ साली जाहीर केली. एकाच मोठ्या यंत्रावर बसलेल्या अनेकांना आपापलं स्वतंत्र यंत्र मिळाल्यासारखं वाटावं, ही त्यामागची कल्पना. १९९९ च्या डिसेंबरात या यंत्रांसाठी लिनक्समध्ये केलेले बदल आयबीएमने खुले केले, त्यानंतर लवकरच व्हीएमचा नवा अवतार झेड/व्हीएम आला, आणि एका कपाटात शेकडो लिनक्स नांदू लागले. यातल्या प्रत्येक लिनक्सला, म्हणजे आमच्या भाषेत गेस्टला, जी डिस्क दिसते ती बहुधा ३३९० नावाची असते. खरीखुरी ३३९० ही १९८९ सालची वस्तू. तिच्या एका ट्रॅकवर ५६,६६४ बाइट मावत, पंधरा ट्रॅकचा एक सिलिंडर होई, आणि मॉडेल तीनवर असे ३,३३९ सिलिंडर असत. ती डिस्क बनणं कधीच थांबलं. आज स्टोरेजच्या कपाटात साध्या हार्ड डिस्क किंवा फ्लॅश असतात, एक डिस्क गेली तरी डेटा टिकावा म्हणून त्या रेडच्या गटांत बांधलेल्या असतात, आणि कपाटातला मायक्रोकोड त्यांच्यावर ३३९० चं रूप उभं करतो. झेड/व्हीएमचा गाभा, ज्याला सीपी म्हणतात, तो त्या रूपाचे तुकडे पाडून मिनीडिस्क करतो. लिनक्स त्या मिनीडिस्कच्या प्रत्येक ट्रॅकवर ४,०९६ बाइटचे बारा ब्लॉक आखतो, मग विभाग पाडतो, मग फाइल सिस्टिम मांडतो. खातेदाराच्या नावाची एक ओळ खऱ्या डिस्कवर पोचेपर्यंत असे चार-पाच मजले उतरते.

पुणे जिल्ह्यातल्या भोर-वेल्ह्याकडच्या माणसाला मिनीडिस्क समजावून सांगायला पोटहिस्स्याइतकी चांगली उपमा नाही. अख्खी डिस्क, आमच्या भाषेत व्हॉल्यूम, म्हणजे एक गट. त्यात अनेकांचे पोटहिस्से. प्रत्येकाला आपलं रान शून्यापासून सुरू होतं असंच वाटतं. कोणाचा तुकडा कुठून कुठवर, हे सीपीच्या यूझर डिरेक्टरीत लिहिलेलं असतं, सात-बारावर असावं तसं. आणि डिस्कमॅप नावाची एक छोटी सोय आहे, ती गावनकाशासारखी सगळे तुकडे शेजारी शेजारी मांडून कुठे जागा सुटली आहे आणि कुठे एकाचा तुकडा दुसऱ्यावर चढला आहे, ते दाखवते. दोन तुकडे एकमेकांवर चढले की दोन लिनक्स एकाच जागी लिहितात, दोघांचाही डेटा बिघडतो, आणि दोघेही डिस्क खराब झाल्याची तक्रार करतात. डिस्क मात्र ठणठणीत असते. बांध चुकीच्या जागी पडलेला असतो.

नमुन्याचा प्रसंग साधारण असा असतो. महिनाअखेरची रात्र, हिशेबाची मोठी कामं चालू. ॲप्लिकेशन सांभाळणारे सांगतात, डेटाबेस थांबला. लिनक्सवाले बघतात, तर फाइल सिस्टिम फक्त वाचण्यापुरती उरली आहे. लिहिताना चूक आली म्हणून लिनक्सने स्वतःच लिहिण्याचं दार लावून घेतलं आहे. व्हीएमवाल्यांच्या पडद्यावर सगळ्या डिस्क ऑनलाइन. स्टोरेजवाल्यांकडे सगळे दिवे हिरवे. चौघेही खरं बोलत असतात, कारण प्रत्येक जण आपापल्या मजल्यावरून दिसतं तेवढं सांगतो. पहिला तास कोणाची चूक यात जातो. हा वाद मिटवायचा एकच खात्रीचा मार्ग आहे, आकडेमोड. गेस्ट म्हणतो, माझ्या चाळीसाव्या सिलिंडरवर अडलं. डिरेक्टरीत बघितलं तर त्याची मिनीडिस्क खऱ्या व्हॉल्यूमच्या १,११३ व्या सिलिंडरपासून सुरू होते. म्हणजे अडलं ते १,१५३ वर. आठवड्यापूर्वी दुसऱ्याच कुठल्या गेस्टने आपल्या बाराव्या सिलिंडरची कुरकुर केलेली असते, आणि त्याची मिनीडिस्क १,२०० पासून असते. त्या कुरकुरीचं तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, वेगळ्या माणसाने वेगळ्या दिवशी ‘पुन्हा आलं नाही’ म्हणून बंद केलेलं असतं. दोन्ही तक्रारी एका कागदावर आणल्या की कळतं, त्या एकाच व्हॉल्यूमच्या एकाच भागातल्या आहेत आणि त्या भागावर अजून कितीतरी गेस्ट बसले आहेत. एका गेस्टची कुरकुर ही सगळ्या व्हॉल्यूमची कुरकुर असू शकते, हे ज्याला उमगलं त्याच्या कामाची रीतच पालटते.

यात घड्याळांचा घोळ असतो, तोही इथेच सांगतो. गेस्टच्या लॉगमधली वेळ जागतिक प्रमाणवेळेची, सीपीच्या कन्सोलवरची वेळ यंत्र ज्या देशात आहे तिथली, आणि तिकिटावरची वेळ पुण्याची. एकच घटना तीन वेळा घडल्यासारखी दिसते, किंवा तीन वेगळ्या घटना एकच वाटतात. वेळा जुळवल्याखेरीज कारण शोधायला बसू नये.

आता खुद्द निरोप कसा असतो ते जवळून बघू. डिस्कला काही खटकलं की ती ‘युनिट चेक’ असा इशारा देते आणि सोबत बत्तीस बाइट पाठवते. त्यांना सेन्स बाइट म्हणतात. लिनक्स ते आठ-आठच्या चार ओळींत छापतो, शून्य ते सात, आठ ते पंधरा, असे. नवख्याला तो आकड्यांचा ढिगारा वाटतो. पण नेहमीच्या डेटाच्या चुकांत पहिला बाइटच बरंच सांगून जातो. त्यात ०८ असेल तर माध्यमावरून वाचलेला डेटा जुळला नाही. १० असेल तर उपकरणातच बिघाड. ४० असेल तर माणसाने येऊन काही करायला हवं आहे. ८० असेल तर दिलेली आज्ञाच डिस्कने नाकारली, आणि तिथे बहुतेक वेळा डिस्कचा दोष नसतो, आज्ञा देणाऱ्याचा असतो. दुसऱ्या बाइटमध्ये ८० असलं तर चूक कायमची, ०८ असलं तर मागितलेला रेकॉर्ड सापडलाच नाही. न आखलेली डिस्क जोडली किंवा तिचा आकार चुकीचा लिहिला, तर असलेच निरोप येतात. तिसऱ्या बाइटमध्ये एक खूण अशीही आहे की चूक आली होती, पण ती दुरुस्त करता येण्याजोगी होती. मला वाटतं, बत्तीस बाइटांतली सर्वांत मोलाची खूण हीच. यंत्र सांगत असतं, की यावेळी मी निभावून नेलं आहे. याशिवाय स्टोरेजचं कपाट स्वतः सिम नावाचा निरोप धाडतं आणि त्याला गांभीर्याची पायरीही लावतं: सर्व्हिस, मॉडरेट, सिरियस, ॲक्यूट. खालच्या पायरीचा सिम येऊन पडलेला असतो आणि महिनाभर त्याला कोणी हात लावत नाही, हे या धंद्यातलं नेहमीचं चित्र आहे.

बाइट वाचता आले की औषध कुठे लावायचं ते कळतं. डिस्कपर्यंत जाणाऱ्या वाटा, म्हणजे चॅनेल पाथ, एकाहून जास्त असतात, आठपर्यंत. चुका एकाच वाटेवर येत असतील तर डिस्क निर्दोष आहे, खराब आहे ती केबल, तिच्या टोकाचं ऑप्टिक्स किंवा मधला स्विच. तेव्हा ती वाट बंद करून उरलेल्यांवर काम चालू ठेवायचं आणि व्हेंडरला कॉल टाकायचा. चुका सगळ्या वाटांवर पण एकाच जागी येत असतील तर माध्यमाकडे बघायचं. एकाच गेस्टला येत असतील आणि त्याच व्हॉल्यूमवरच्या शेजाऱ्यांना अजिबात येत नसतील, तर आधी डिरेक्टरी आणि त्या गेस्टमधली मांडणी तपासायची. हे सगळं लहान चुकांवरूनच ओळखता येतं. मोठी चूक होईस्तोवर थांबलो तर वाट, माध्यम आणि मांडणी यांचे धागे एकमेकांत गुंतलेले असतात.

माझ्या म्हणण्याला आधार मी आधी संगणकाच्या पुस्तकातून देत नाही. तो भोर आणि वेल्हे या तालुक्यांच्या भूमीतच आहे. वेल्ह्याच्या, म्हणजे आताच्या राजगड तालुक्याच्या हद्दीत आंबी नदीवर पानशेतचं धरण आहे. १२ जुलै १९६१ च्या सकाळी ते फुटलं, त्याच्या पाण्याने खालचं खडकवासला फोडलं आणि पुण्यात शिरून जे केलं ते पुणेकर पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. धरण मातीचं, काम अजून पूर्ण झालेलं नव्हतं. पाणी सोडण्याच्या मार्गाचे दरवाजे आणि ते उचलण्याची यंत्रणा अपुरी होती, आणि पावसाने पाणी मात्र भरत चाललं होतं. त्या मार्गातून पाणी धडधडत जात राहिलं आणि त्यावरचा भराव खचू लागला. धरण काही अचानक फुटलं नाही. आदल्या दिवशी खचणं दिसत होतं, रात्रभर जवान वाळूची पोती रचत होते. त्या जवानांच्या कष्टांना उपमा नाही, पण अभियांत्रिकीच्या दृष्टीने ती पोती म्हणजे पुन्हा पुन्हा केलेला प्रयत्न होता. प्रत्येक पोत्याने थोडा वेळ मिळवून दिला. मिळालेल्या वेळात खालच्या वस्तीपर्यंत इशारा नीट पोचला नाही, हे त्या दुर्घटनेचं दुःख आहे.

धरणं सांभाळणाऱ्या लोकांची रीत आमच्या कामाला जशीच्या तशी लागू पडते. पाझर प्रत्येक धरणाला असतो. भोरजवळच्या भाटघरसारख्या दगडी बांधकामालाही असतो, मातीच्या भरावाला तर असतोच. पाझर आहे म्हणून कोणी धरण मोडीत काढत नाही. पण तो मोजतात. पाणी एका खाचेवरून वाहू देतात आणि खाचेतली पाण्याची उंची वहीत लिहितात. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासणी होते. बघायच्या गोष्टी दोन: धरणातली पातळी तेवढीच असताना पाझर वाढला का, आणि पाणी गढूळ झालं का. स्वच्छ पाझर वर्षानुवर्षं चालतो. गढूळ पाझर म्हणजे पाणी आतली माती घेऊन बाहेर येतं आहे. टेम्पररी चुकांचं गणित हुबेहूब असंच आहे. मोठ्या कपाटात महिन्याला पाच-दहा चुका होतच राहतात, त्यांचं भय नको. पण त्या एकाच व्हॉल्यूमवर गोळा होऊ लागल्या, एकाच वाटेवर येऊ लागल्या किंवा पाचाच्या पन्नास झाल्या, तर पाणी गढूळ झालं असं समजावं. आकडा मोठा आहे की लहान, यापेक्षा तो बदलला का, हे विचारावं. आणि बदल कळायला मागचा आकडा वहीत असावा लागतो. ज्याच्याकडे मागच्या महिन्याचा ईरेप नाही, त्याला या महिन्याचा ईरेप काही सांगू शकत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो रात्रपाळी करणाऱ्यांचा, आणि तो खोटा नाही. यंत्र स्वतःला सावरण्यासाठीच बांधलेलं असताना, सावरलेल्या प्रत्येक चुकीसाठी माणसाला उठवायचं का? असे इशारे इतके होतील की खऱ्या इशाऱ्याकडेही दुर्लक्ष होईल. म्हणून तर मर्यादा घालून दिलेल्या असतात. उदाहरणार्थ, या डिस्क हाताळणाऱ्या लिनक्सच्या डॅसडी ड्रायव्हरमध्ये मूळची मर्यादा अशी आहे की ३०० सेकंदांत एका वाटेवर २५६ संपर्क-चुका झाल्या तर ती वाट बंद करायची. मर्यादा योग्य आहे, प्रत्येक खोकल्याला वाट बंद केली तर काम चालणार नाही. पण तिचा अर्थ नीट घ्यायला हवा. पाच मिनिटांत २५५ चुका झाल्या तरी यंत्र गप्प राहील. यंत्राने कधी कृती करावी हे मर्यादा ठरवते, माणसाने कधी बघावं हे ती ठरवत नाही. आमच्या धंद्यात या दोन गोष्टींची गल्लत होते आणि तीच महागात पडते. माझं म्हणणं रात्री उठवण्याबद्दल नाहीच. सकाळी दहा मिनिटं वाचण्याबद्दल आहे. इशाऱ्यांनी कान बधिर होतात हे खरं. म्हणूनच टेम्पररी चुका इशाऱ्यांत घालू नयेत, त्यांची वही करावी.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. डिस्क काही सांगून मरते असं कुठे आहे? २००७ साली गूगलच्या अभियंत्यांनी एक लाखाहून अधिक डिस्कच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात आढळलं की पृष्ठभाग तपासताना पहिली चूक दिसली की पुढच्या साठ दिवसांत ती डिस्क बंद पडण्याची शक्यता, तशी चूक न दिसलेल्या डिस्कच्या एकोणचाळीस पट होते. हे माझ्या बाजूचं. पण त्याच अभ्यासाने हेही दाखवलं की बंद पडलेल्या डिस्कपैकी छत्तीस टक्क्यांहून अधिक डिस्कनी, तापमान सोडता, आपल्या आरोग्याच्या नोंदीत एकही खूण ठेवली नव्हती. त्या न बोलता गेल्या. त्या बाजारातल्या साध्या डिस्क होत्या, मेनफ्रेमच्या कपाटातल्या नव्हत्या, हे खरं. पण धडा तिथेही तोच. यातून काही जण असा निष्कर्ष काढतात की खुणा वाचण्यात अर्थ नाही, बॅकअप असला की झालं. मला हे पटत नाही. तीन रुग्णांतला एक लक्षण न दाखवता गेला म्हणून उरलेल्या दोघांची नाडी बघायची सोडत नाहीत. बॅकअप न बोलणाऱ्यांसाठी, वाचन बोलणाऱ्यांसाठी. दोन्ही लागतात.

शिवाय गप्प बसण्याचं एक कारण आम्हीच निर्माण केलेलं असतं. चूक तेव्हाच दिसते, जेव्हा कोणी ती जागा वाचायला जातं. आणि आमची सगळी रचना वाचन टाळण्यासाठी केलेली आहे. लिनक्स एकदा वाचलेलं मेमरीत धरून ठेवतो, त्याखाली झेड/व्हीएमचा मिनीडिस्क कॅशे धरून ठेवतो, त्याखाली स्टोरेजच्या कपाटाचा कॅशे. यंत्र वेगाने चालतं ते यामुळेच, याबद्दल तक्रार नाही. पण ज्या ट्रॅककडे सहा महिने कोणी फिरकलंच नाही, त्याची अवस्था कोणालाच माहीत नसते. ती कळते नेमकी वर्षअखेरीला, जुनी खाती उघडताना. म्हणून पूर्ण व्हॉल्यूमचा डंप अधूनमधून घ्यावा, असा माझा आग्रह असतो. नेहमीच्या बॅकअपमध्ये फक्त बदललेल्या फाइली जातात. झेड/व्हीएममधलं डीडीआर नावाचं जुनं साधन मात्र सगळा व्हॉल्यूम ट्रॅकमागून ट्रॅक वाचत जातं, आणि खराब जागेवर अडखळतं. बॅकअपचा हा दुसरा उपयोग कोणी मोजत नाही. तो अख्ख्या धरणावरून एकदा चालत जाण्यासारखा आहे.

चूक समोर आल्यावर काय करायचं नाही, हे या कामाने सर्वांत कठोरपणे शिकवलं. घाबरलेला माणूस पहिल्यांदा गेस्ट बंद करून चालू करतो. त्यासरशी मेमरीतली नोंद जाते, सेन्स बाइट जातात, आणि सुरू होताना फाइल सिस्टिमची दुरुस्ती आपोआप लागते. ही दुरुस्ती म्हणजे लिहिणं. ज्या डिस्कवर विश्वास राहिलेला नाही तिच्यावरच आपण शेकडो ठिकाणी लिहू लागतो, तेही चुकीचं वाचलेल्या माहितीच्या आधारे. वाचवता आला असता असा डेटा बहुतेक वेळा या पहिल्या अर्ध्या तासात जातो. आधी नोंदी जपाव्यात: गेस्टचा लॉग, सीपीचा कन्सोल, ईरेप, वेळेसकट. मग लिहिणं थांबवावं. मग व्हॉल्यूमची नक्कल दुसऱ्या व्हॉल्यूमवर घ्यावी, आणि दुरुस्ती करायची ती त्या नकलेवर. वरून दबाव असतो, दर पाच मिनिटांनी कोणीतरी ‘कधी सुरू होईल’ विचारत असतं, आणि अशा वेळी ‘आधी नक्कल’ म्हणणारा माणूस अडेल वाटतो. त्याला अडेलच राहू द्यावं.

गेस्टला कोणती वाट दिली आहे यावरही किती ऐकू येईल ते ठरतं. लिनक्सने डिस्कशी थेट चॅनेलच्या भाषेत बोलावं अशी मांडणी असेल तर सेन्स बाइट त्याच्यापर्यंत पोचतात. त्याऐवजी सीपीला ‘तूच वाच आणि मला दे’ असं सांगायची डायग नावाची वाट निवडली, तर सावरण्याचं कामही सीपी करतो आणि गेस्टला फक्त जमलं की नाही एवढंच कळतं. अशा ठिकाणी लिनक्सच्या लॉगमध्ये शांतता दिसते, तिच्यावर विसंबू नये. चूक एका मजल्यावरून दुसऱ्यावर जाताना हरवते, ही काही मेनफ्रेमचीच गोष्ट नाही. २०१८ साली पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणाऱ्यांच्या लक्षात आलं की डिस्कवर लिहिणं फसल्याचा निरोप लिनक्स काही वेळा एकदाच देतो. डेटाबेसने पुन्हा विचारलं तर ‘सगळं ठीक आहे’ असं उत्तर येतं, आणि न लिहिलेलं पान लिहिल्यासारखं धरलं जातं. जगभर वर्षानुवर्षं वापरात असलेल्या डेटाबेसमध्ये हे गृहीतक चुकलेलं निघालं. त्यानंतर त्यांनी ठरवलं की असा निरोप आला की डेटाबेसने पुढे रेटू नये, तिथेच थांबावं आणि लॉगवरून पुन्हा उभं राहावं. मला तो निर्णय फार शहाणपणाचा वाटतो.

हल्लीच्या तरुण सहकाऱ्यांचा आक्षेप वेगळा असतो. ते म्हणतात, सर्व्हर दुरुस्त कशाला करायचा? टाकून द्या, पाच मिनिटांत नवा उभा करा. जिथे डेटा नाही तिथे हे अगदी बरोबर आहे. पण मेनफ्रेमवर जे ठेवलं जातं ते बहुतेक टाकून देता न येणारं असतं: खाती, पॉलिसी, पेन्शन. दुसरं असं की नवा गेस्ट त्याच व्हॉल्यूमवर उभा राहिला तर रोग तिथेच राहतो, फक्त रोगी बदलतो. आणि कोणी सांगतं, रेड आहे, शिवाय दूरच्या गावी आरसाप्रत आहे. रेड एका डिस्कचं जाणं सोसतो. पण ती बदलून नवी भरत असताना उरलेल्या सगळ्या डिस्क सलग वाचाव्या लागतात, आणि त्यांतली न वाचलेली खराब जागा नेमकी तेव्हा उघडी पडते. आरसाप्रत यंत्र जळाल्यास उपयोगी. पण चुकीचं लिहिलेलं ती तितक्याच निष्ठेने आणि लगोलग दुसरीकडे लिहिते. आरशात चेहऱ्यावरचा डागही दिसतोच.

राहिला माणसांचा भाग, आणि मला सर्वांत जास्त बोलायचं आहे ते याबद्दल. भोरचं संस्थान ज्या पदावरून उभं राहिलं ते सचिवाचं पद. अष्टप्रधानांत सचिवाकडे, सुरनीसाकडे, कागद आणि हिशेब तपासण्याचं काम होतं. दुसऱ्याने लिहिलेलं वाचायचं, जुळतं का बघायचं आणि मगच शिक्का. शिवकालीन पत्रांच्या शेवटी मर्यादामुद्रा उठवत, ती मजकूर कुठे संपला ते दाखवण्यासाठी, त्यापुढे कोणाला काही घुसडता येऊ नये म्हणून. राज्यकारभारात वाचणाऱ्याला एवढा मान होता. आमच्या धंद्यात वाचणाऱ्याची जागा सगळ्यात आधी कापली जाते. ईरेप वाचणारा माणूस रोज काय करतो, याचा हिशेब देता येत नाही. न झालेल्या अपघाताचं तिकीट नसतं, त्यामुळे वर्षअखेरच्या मूल्यमापनात लिहायला त्याच्याकडे काही नसतं. मध्यरात्री येऊन बंद पडलेली यंत्रणा उभी करणाऱ्याचं कौतुक होतं आणि ते व्हायलाच हवं. पण ज्याने तीन आठवडे आधी वाढता आकडा बघून एक ऑप्टिक्स बदलायला लावलं, त्याचं नावही कोणाला ठाऊक नसतं. व्यवस्थापनाने हे बदलावं असं मी मनापासून म्हणतो. खर्चाचा विचार केला तरी हे स्वस्त आहे: एका माणसाची सकाळची दहा मिनिटं, एक वही, आणि शिफ्ट बदलताना दोन वाक्यं.

या दोन तालुक्यांतून पुण्याच्या कंपन्यांत जाणारी कितीतरी मुलं आज अशी यंत्रं सांभाळतात, जी त्यांनी कधी डोळ्यांनी बघितलेली नाहीत. डिस्क दुसऱ्या खंडात, तिचं रूप तिसऱ्याच यंत्राने उभं केलेलं, आणि आपल्याला दिसतात त्या फक्त ओळी. म्हणूनच त्या ओळी हेच आपले डोळे. उद्या कामावर बसलात की तिकिटांची रांग उघडण्याआधी ईरेप उघडा. मागच्या महिन्याचा शोधून शेजारी ठेवा. टेम्पररीखालचे आकडे व्हॉल्यूमवार आणि वाटेवार मांडा, आणि जो वाढला असेल त्यासाठी आजच कॉल टाका. मागच्या महिन्याचा ईरेप सापडला नाही, तर निदान उद्याचा जपून ठेवा.